दातांची साक्ष

बैलबाजारात गेलेला शेतकरी बैलाचे वशिंड पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. पण वय ठरवायची वेळ आली म्हणजे विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो बैलाचे तोंड उघडतो आणि खालचे दात मोजतो. मग 'आदत', 'दुसा', 'चौसा' किंवा 'जुळलेला' असा निकाल देतो. मालक दोन वर्षे इकडची तिकडे करील, पण दात करणार नाहीत, हा त्याचा विश्वास. पिढ्यान् पिढ्या सौदे या विश्वासावर ठरत आले आहेत.

आता वाचकहो, मी जर म्हटले की माणसांच्या मुलांचेही वय एकेकाळी अशीच तोंडे उघडून ठरवले गेले, आणि तेही एका मोठ्या देशाच्या पार्लमेंटपुढे मांडलेल्या शिफारशीवरून, तर तुम्हांला नवल वाटेल. पण ती गोष्ट खरी आहे. ती समजण्यासाठी आधी एक साधा प्रश्न विचारू या. मुलाच्या तोंडात दात येतात, ते येतात कुठून?

घरात बाळाचा पहिला दात दिसला की आपण म्हणतो, 'दात आला'. जणू काही तो कालच कुठूनतरी आला! प्रत्यक्षात त्या दाताचे काम वर्षभर आधीपासून चाललेले असते. गर्भ आईच्या पोटात साधारण सहा आठवड्यांचा होतो, तेव्हा त्याच्या जबड्याच्या जागी एक बारीक पट्टी उठते. तिच्यावर पेरणी केल्याप्रमाणे कोंब धरू लागतात, वर दहा आणि खाली दहा. हे दुधाचे वीस दात. चौथ्या महिन्याच्या सुमारास या कोंबांत चुन्याचे क्षार बसू लागतात आणि कोंब कठीण व्हायला लागतो. बाळ जन्मते तेव्हा त्याचे बोळके रिकामे दिसते खरे, पण हिरडीखाली विसांच्या वीस दातांचे माथे कमीअधिक तयार झालेले असतात. इतकेच नव्हे, तर सहाव्या वर्षी उगवणारी पहिली कायमची दाढसुद्धा जन्माच्या सुमारासच आकार घेऊ लागलेली असते. म्हणजे मूल शाळेत जाईल त्या वर्षीच्या दाढेची बेगमी त्याच्या बारशाच्या आधीच सुरू झालेली असते.

पुढचा क्रम आयाबायांना पाठच असतो. सहाव्या ते दहाव्या महिन्याच्या दरम्यान खालचे पुढचे दोन दात, मग वरचे, मग शेजारचे, पुढे दाढा आणि सुळे. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पुढचे दात हलू लागतात. पडलेला दात कोणी छपरावर फेकतो, कोणी तुळशीपाशी पुरतो. नऊ ते बारा या वर्षांत सुळे आणि लहान दाढा बदलतात, बाराव्या वर्षाच्या आगेमागे दुसरी मोठी दाढ येते आणि अक्कलदाढ सतरा-अठरानंतर सवडीने. कित्येकांना तर ती येतही नाही. त्यावरून त्यांच्या अकलेचा अंदाज मात्र कोणी करू नये!

हे ज्ञान माणसाने एका दिवसात मिळवलेले नाही. आपल्याकडे संस्कृतात दाताला 'द्विज' म्हणतात. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. पक्षी एकदा अंड्याच्या रूपाने आणि एकदा अंड्यातून जन्मतो, म्हणून तो द्विज. आणि दात एकदा पडून पुन्हा उगवतो, म्हणून तोही द्विज. बालकांच्या वैद्यकावरचा आपला जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळात सापडलेल्या पोथीवरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यात दातांच्या जन्मावर एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसाच्या बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मतात आणि बाकीचे द्विज असतात, असे तेथे सांगितले आहे. एकदाच येणाऱ्या दातांची संख्या आज आपण बारा धरतो. परंतु काही दात बदलून येतात आणि काही एकदाच येतात, हा भेद त्या ग्रंथकाराने नेमका हेरला होता.

युरोपात हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी दात येण्यावर लिहून ठेवले आहे. पण हिरडीच्या आत प्रत्यक्ष डोकावून पाहण्याचे काम झाले ते सोळाव्या शतकात. बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे दातांवरचे छोटे पुस्तक १५६३ साली व्हेनिसमध्ये छापले गेले. त्याने मृत गर्भांचे आणि तान्ह्या मुलांचे जबडे उघडून पाहिले. दुधाच्या दातांचे अंकुर तेथे होतेच, आणि कायमच्या दातांचे अंकुरही वेगळे दिसत होते. दुधाच्या दाताचे मूळ आत राहते आणि त्यातूनच नवा दात फुटतो, ही जुनी समजूत त्यामुळे ढासळली. नवा दात हे वेगळे बी आहे, जुन्याची खोडवी नव्हे. पुढे १७७१ साली जॉन हंटर या लंडनच्या शस्त्रवैद्याने दातांचा 'निसर्गेतिहास' लिहिला आणि १८३९ मध्ये जॉन गुडसर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने गर्भातील दातांच्या कोंबांचा वाढीचा क्रम लावून दाखवला.

आता त्या इंग्लंडातल्या गोष्टीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिथे सूत आणि कापडाच्या गिरण्या धडाक्याने वाढल्या. यंत्राखाली वाकून तुटलेला धागा जोडायला लहान बोटे बरी पडत, आणि लहान हाताला मजुरीही लहान. सहा-सात वर्षांची मुले बारा-बारा तास राबत. याविरुद्ध ओरड झाली आणि १८३३ साली पार्लमेंटने फॅक्टरी कायदा केला. रेशमाच्या गिरण्या वगळता कापड-गिरण्यांत नऊ वर्षांखालचे मूल कामाला लावायचे नाही. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक राबवायचे नाही, आणि त्याला रोज दोन तास शाळेत बसवायचे. कायद्याची अंमलबजावणी पाहायला चार निरीक्षकही नेमले.

कायदा झाला खरा, पण मुलाचे वय नऊ की सात, तेरा की अकरा, हे सांगायचे कोणी? इंग्लंडात जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १ जुलै १८३७ पासून. त्याआधी जन्मलेल्या गरिबाच्या पोराजवळ कागद कुठला असणार? मालकाला मूल मोठे ठरायला हवे होते आणि पोटाच्या खळगीपायी आईबापांनाही तेच हवे होते. म्हणून कायद्याने सांगितले, की मूल त्या वयाच्या मानाने अंगापिंडाने ठीक दिसते, असा दाखला डॉक्टरने द्यावा. डॉक्टर उंची पाहत, चेहरा पाहत आणि अंदाजाने वय लिहीत. पण अर्धपोटी राहिलेले तेरा वर्षांचे मूल दहाचे दिसते, आणि थोराड बांध्याचे दहा वर्षांचे मूल तेराचे दिसते. अशा वेळी अंदाज कोणाच्या पदरात पडत असेल, हे सांगायला नको.

या पेचात एडविन सॉन्डर्स नावाचा दंतवैद्य पुढे आला. १८३७ साली त्याने पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांना उद्देशून एक पुस्तिका लिहिली. तिचा मथळाच असा होता, की दात ही वयाची कसोटी आहे. त्याने १,०४६ मुलांची तोंडे तपासली होती. त्याचा मुद्दा अगदी सोपा होता. अन्नाच्या टंचाईने उंची खुंटते, अंग सुकते. पण दात येण्याच्या वेळापत्रकात त्या मानाने फरक कमी पडतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात साधारणपणे कायमचे बारा दात असावेत, पुढचे आठ आणि पहिल्या दाढा चार. तेरा पुरी होईपर्यंत अक्कलदाढा सोडून अठ्ठावीस दात दिसावेत. तेरा वर्षांच्या ज्या ३३८ मुलांना त्याने पाहिले, त्यांतल्या २९४ जणांचे वय दातांवरून बरोबर सांगता आले असते, असे त्याने मांडले. हाच सॉन्डर्स पुढे व्हिक्टोरिया राणीचा दंतवैद्य झाला आणि १८८३ साली त्याला 'सर' ही पदवी मिळाली.

न्यायालयातही हा विचार पोचू पाहत होता. सात वर्षांखालच्या मुलाला गुन्ह्याबद्दल जबाबदार धरायचे नाही, असा इंग्लंडचा नियम होता. टॉमसन नावाच्या वैद्याने १८३६ साली लिहिले, की पहिली कायमची दाढ अजून वर आली नसेल तर आरोपीने सात वर्षे ओलांडलेली नाहीत, असे मानायला हरकत नाही. वाचकहो, थोडे थांबून याचा विचार करा. एका दाढेवर एका लेकराची सुटका!

आपल्याकडेही हाच प्रश्न लवकरच उभा राहिला. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी उभारली आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची धुराडी वाढत गेली. कोकणातून, देशावरून माणसे आली, त्यांची मुलेही गिरणीत जाऊ लागली. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात किमान वय होते अवघे सात! सात ते बारा या वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, एवढाच काय तो दिलासा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या मागण्या पुढे मांडल्या. १८९१ च्या सुधारणेने किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांचे तास सातांवर आले. चौदा वर्षांखालचे मूल कारखान्यात नकोच, हे कायद्यात यायला १९४८ साल उजाडावे लागले. म्हणजे सातापासून चौदापर्यंतची वाट चालायला सदुसष्ट वर्षे लागली. या सगळ्या वाटेवर तोच प्रश्न उभा होता. मुलाचे खरे वय किती, आणि ते सांगणार कोण?

दातांची साक्ष आणखी एका खटल्यात निघाली, पण तिथे दात स्वतःच आरोपी होते. मुलाला दात येण्याच्या सुमारास ताप, हगवण, आकडी असे काही झाले, की दोष दातांवर टाकायची रीत जगभर होती. आपल्या वाग्भटानेही दात फुटणे हे मुलाच्या सगळ्या रोगांचे कारण होते असे म्हटले आहे. मात्र त्याच वाग्भटाने हेही सांगितले, की अशा रोगांत मुलाला फार कडक उपचारांनी जखडू नये, दात आले की ते आपोआप शमतात. ही दुसरी गोष्ट युरोपच्या वैद्यांनी ऐकली असती तर बरे झाले असते. तिथे दाताला वाट करून द्यायची म्हणून सोळाव्या शतकापासून तान्ह्या मुलांच्या हिरड्या चाकूने कापत. इंग्लंड आणि वेल्समध्ये एकट्या १८३९ सालात ५,०१६ मृत्यू सरकारी दप्तरात 'दात येणे' या कारणाखाली नोंदले गेले.

खरे कारण काय होते? दात येण्याचा काळ हाच मूल आईच्या दुधावरून वरच्या अन्नावर येण्याचा काळ असतो. ते रांगते, दिसेल ती वस्तू तोंडात घालते, आणि आईकडून मिळालेली रोगाला तोंड देण्याची शक्ती याच वेळी ओसरत असते. पोटात जातो तो अस्वच्छ पाण्याचा आणि शिळ्या दुधाचा जंतू, आणि नाव होते दाताचे!

यातून आणखी एक अनर्थ ओढवला. दात सुखाने यावेत म्हणून ज्या पुड्या दुकानांत मिळत, त्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. पुड्या घेणाऱ्या काही मुलांचे हातपाय गुलाबी होत, सोलत, उजेड सहन होत नसे, मुले दिवसरात्र कण्हत. या 'गुलाबी रोगा'चे कारण कोणाला उमगेना. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथील डॉक्टर जोसेफ वारकनी यांना अशा मुलांच्या लघवीत पारा सापडला आणि गूढ उलगडले. १९५४ मध्ये ब्रिटनच्या प्रमुख उत्पादकांनी पुड्यांतून पारा काढून टाकला, आणि तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. दात निर्दोष ठरले, औषध दोषी ठरले.

तिसरी साक्ष तर थेट अणुबाँबविरुद्ध होती. दाताचा वरचा चकाकणारा थर एकदा तयार झाला, की शरीर तो पुन्हा बांधत नाही. म्हणून तो घडत असताना शरीरात जे आले, त्याची खूण त्यात राहते. जन्माच्या वेळचा धक्कासुद्धा त्यात बारीक रेघेच्या रूपाने उमटतो. ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात १९५८ साली डॉक्टर लुईझ रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. बाँबच्या चाचण्यांतून हवेत उडालेले स्ट्रॉन्शियम गवतावर पडते, गाईच्या दुधात येते आणि चुन्यासारखेच मुलांच्या हाडादातांत जाऊन बसते, अशी शंका होती. दात देणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. बारा वर्षांत सुमारे तीन लाख वीस हजार दात जमले. चाचण्या वाढल्या तसे नंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतले स्ट्रॉन्शियमही वाढले होते. १९६३ साली हवेतल्या अणुचाचण्या बंद करण्याचा करार झाला, तेव्हा या चिमुकल्या दातांची साक्षही लोकांपुढे आलेली होती.

आता तुम्ही विचाराल, की दात इतके खरे साक्षीदार आहेत, तर वयाचा प्रश्न कायमचा सुटला म्हणायचा का? तसे मात्र नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांत सहा महिन्यांचा, कधी वर्षाचाही फरक पडतो. मुलींचे कायमचे दात मुलांपेक्षा थोडे आधी येतात. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने हिरडीखालच्या मुळांची वाढ पाहून वय ठरवण्याच्या पद्धती निघाल्या, त्या जास्त भरवशाच्या आहेत. पण त्याही 'सुमारे' हा शब्द सोडू शकत नाहीत. आणि अक्कलदाढेवरून अठरा पुरी झाली की नाही हे सांगणे तर फारच अवघड, कारण ती स्वतःच लहरी. दात आपल्याला वर्ष सांगतील, तारीख सांगणार नाहीत.

आणि शिक्षकमित्रहो, नेमकी इथेच तुमची जबाबदारी सुरू होते. आपल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी वडीलधाऱ्यांची जन्मतारीख एक जून आहे! सारा गाव एकाच दिवशी कसा जन्मला? तर शाळा जूनमध्ये उघडे, मूल हाताने डोक्यावरून दुसऱ्या बाजूचा कान धरून दाखवी, आणि गुरुजी रजिस्टरात एक जून लिहीत. त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटत नसे. पण आज कायद्याशी संघर्षात सापडलेले किंवा आसऱ्याची गरज असलेले मूल बाल न्याय मंडळापुढे किंवा बालकल्याण समितीपुढे येते, तेव्हा २०१५ च्या कायद्याप्रमाणे आधी शाळेचा दाखला पाहतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा. वैद्यकीय तपासणी सगळ्यांत शेवटी, दोन्ही कागद नसतील तेव्हाच. मुलगी लग्नाच्या वयाची आहे की नाही, पोरगा कामाला लावण्याच्या वयाचा आहे की नाही, हे ठरवायची वेळ आली तरी शाळेतली ती एक ओळ पुढे येते. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हेही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सांगितले आहे. तेव्हा प्रवेश आधी द्यावा आणि तारीख मागाहून, पण खरी, शोधून लिहावी. सण, पाऊसपाणी, शेजारच्या घरातले बाळंतपण यांची सांगड घालत आईला विचारले, तर ती बहुधा अचूक दिवसापर्यंत पोचते.

आईबापांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळेतल्या प्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो दाखलाच धरला जाणार आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तान्ह्याला ताप किंवा जुलाब झाले तर 'दात येताहेत' म्हणून स्वस्थ बसू नये. मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजत राहावे, आईचे दूध चालू ठेवावे आणि डॉक्टरला दाखवावे. आणि सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ उगवते, ती कायमची आहे हे विसरू नये. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ आया तिला दुधाचीच समजतात, 'किडली तर किडू दे, पडेल आणि नवी येईल' म्हणतात. ती पडली तर पुन्हा येणार नाही. ती द्विज नाही.

इंग्लंडातल्या त्या गिरण्यांत मुलांना बोलायला कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्यांच्या दातांना बोलावे लागले. आपल्या मुलांवर ती पाळी येऊ नये. त्यांचे खरे वय त्यांच्या जन्माच्या दिवशीच कागदावर यावे, आणि शाळेच्या रजिस्टरात ते तसेच उतरावे. त्याला खर्च काही नाही. लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून खरे लिहिले म्हणजे झाले.